एकोणीस वह्या आणि माझा अंगठा

वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. माझी नोकरी हिमायतनगरच्या एका बँकेत, काउंटरवर. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक दाबू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही, असे कागद शाखेच्या भिंतीवर मीच चिकटवले आहेत. त्यामुळे फसवणूक या विषयात आपला हात कोणी धरू शकत नाही, असा माझा समज होता.

लेक दोन वर्षं लातूरला राहून नांदेडला घरी परत आली, ती एक पेटी, एक गादी आणि एकोणीस वह्या घेऊन. मेडिकलची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मग इथंच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पेटी माळ्यावर गेली, गादी पाहुण्यांना झाली, वह्या तेवढ्या दिवाणाखाली राहिल्या. मी म्हणायचो, जागा अडते. खरं कारण वेगळं होतं. त्या दिसल्या की निकालाच्या दिवशी तिला काय काय बोललो ते आठवायचं, आणि स्वतःचीच लाज वाटायची.

"रद्दीत नका घालू पप्पा," ती म्हणाली, "कुणाच्या तरी कामी येतील."

मी जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर जाहिरात टाकली. पहिल्याच दिवशी हिंदीत फोन. साहेब म्हणे सैन्यात, सीमेवर. कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात. सीमेवर बसून त्याला बेडकाच्या पचनसंस्थेची एवढी काय घाई होती कोण जाणे. मी मुद्दाम येड्यासारखं करून त्याला सगळं तीनदा समजावून सांगायला लावलं आणि मग माझी नोकरी सांगितली. दुसऱ्यानं चुकून जास्त पैसे पाठवल्याचा फोटो धाडला आणि वरचे परत मागितले. त्यालाही वाटेला लावलं. शाखेत चहाच्या वेळी हे किस्से मी आठवडाभर पुरवून पुरवून सांगितले.

मग नियमच केला. गिऱ्हाइकानं घरी यायचं, उजेडात यायचं, माल बघायचा, रोख द्यायचे. काय हिंमत आहे फसवायची!

एका रविवारी अकराच्या सुमारास एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं मऊ. पुतणी परीक्षेची तयारी करते म्हणाला. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि रीतीप्रमाणं विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हनायचं?"

"इस्लापूरकडलं, अक्का."

बायकोचं माहेरही त्याच किनवट तालुक्यातलं. तिचा चेहरा फुलला. "मंग आमच्या गावात वरच्या आळीला इस्लापूरची एक दिलेली हाय, ती तुमची कोन?"

"हाव की. चुलतबहीनच लागती."

झालं. आता तो गिऱ्हाईक राहिला नाही, पाव्हणा झाला. मी त्याचा दाजी झालो.

"दाजी, दोन-चार पानं पोरीला फोटो काढून धाडू का? पटलं तर समदंच नेतो."

दोन-चार पानांच्या दोन-चार वह्या झाल्या, दोन-चार वह्यांच्या एकोणीस. उजेड कमी पडत होता, म्हणून मी टेबल खिडकीपाशी ओढून दिलं. वाऱ्यानं पानं उडत होती, म्हणून पंखा बंद केला. तरी एक कोपरा उचलला जात होता, तो मी अंगठ्यानं दाबून धरला, आणि मग धरूनच बसलो. त्याचा मोबाइल बंद पडायला आला, तर माझा चार्जर दिला. आधी चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, मग जेवण, मग दोनदा चहा. लेक मैत्रिणीकडं गेली होती. दोन-चार पानांना एवढा वेळ का, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण जेवायला बसलेल्या पाव्हण्याला हे विचारायचं कसं?

चार वाजता तो उठला. "अक्षर लई बारीक हाय दाजी. पोरीला पटंना." बायकोनं त्याला पिशवीभर लिंबं दिली. मी ऑटोपर्यंत सोडायला गेलो.

महिन्याभरानं लेकीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. कुठल्याशा ग्रुपवर विक्रीला लावलेलं होतं: 'लातूरच्या टॉपर ताईच्या हस्तलिखित नोट्स, संपूर्ण संच.' पान तिच्याच वहीतलं, लाल-निळ्या पेनानं काढलेलं हृदय. आणि खालच्या कोपऱ्यात एक अंगठा, नखाच्या कडेला स्टॅम्पपॅडची जांभळी शाई. प्रत्येक पानावर.

मी उसळलो. बायकोनं माहेरी फोन लावला, तर वरच्या आळीच्या त्या बाईला चुलतभाऊच नाही म्हणे. नातं आम्हीच शोधून त्याच्या हातात दिलं होतं. तो बिचारा फक्त हाव म्हणाला होता.

"आत्ताच्या आत्ता तक्रार देतो," मी चपला घालत म्हणालो.

"थांबा जरा," लेक म्हणाली. ती खालचे अभिप्राय वाचत होती. 'हृदयाचा धडा आज पहिल्यांदा समजला, ताई.' 'आमच्या सरांपेक्षा भारी.' असे कितीतरी. ती एकेक सावकाश वाचत होती, आणि तिचा असा चेहरा मी लातूरहून आल्यापासून पाहिला नव्हता. या घरात तिला हुशार म्हणायचं कुणाला सुचलं नाही. म्हटलं ते एका चोरानं, तेही माल खपावा म्हणून.

मग तिनं पडद्यावरच्या त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "पप्पा, तुम्ही दिवसभर पानं धरून बसला होता ना? त्यातलं एक तरी वाचलं का?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"न्हाई, माय," मी म्हणालो.

चपला काढल्या. दिवाणाखालून पहिली वही ओढली आणि तिथंच फरशीवर बसलो. तक्रार द्यायचीच होती, पण तासाभरानं दिली तरी चालणार होती. पंख्यानं पानं उडत होती. लेक शेजारी येऊन बसली आणि तिनं कोपरा अंगठ्यानं दाबून धरला.