पांढऱ्या मोटारीखालची लिंबं

निवृत्त झाल्यापासून कुठल्याही लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, साहेब, एखादी जबरदस्त केस सांगा. लोकांना खून हवा असतो, निदान दरोडा तरी. मला मात्र सगळ्यात आधी चार लिंबं आठवतात. त्या प्रकरणात कोणाला अटक झाली नाही. पण आम्ही तासभर उशिरा पोहोचलो असतो तर एका सरळ माणसाचं आयुष्य मातीमोल झालं असतं.

तेव्हा मी बोईसर भागात पोलीस निरीक्षक होतो. बेटेगावच्या बाजूला एका हौशी कारखानदाराने जुन्या मोटारींचं संग्रहालय उघडलं होतं. चिकूच्या वाडीत मोठी शेड, आत चकचकीत पुसलेल्या विलायती मोटारी, पुढे दोरी आणि हात लावू नये अशा पाट्या. सुट्टीच्या दिवशी वीज प्रकल्पातली, कारखान्यांतली कुटुंबं डबे घेऊन यायची. नवरे बायकांना इंजिन समजावून सांगायचे आणि बायका ऐकल्यासारखं करायच्या. मीही घरच्यांना एकदा घेऊन गेलो होतो, आणि तेच केलं होतं.

दसरा तोंडावर आला होता. सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. आमच्या खबऱ्याचा फोन होता. संग्रहालयात करणी झाली आहे, रखवालदाराला खोलीत कोंडलंय आणि बाहेर माणसं जमतायत. चोरीची खबर असली तर मी चहा संपवून उठायचो, करणीची असली तर तसाच उठायचो. स्टेशन डायरीला नोंद करायला सांगितली, दोन हवालदार घेतले आणि जीप काढली.

फाटकाशी पन्नासेक माणसं होती, काहींच्या हातात काठ्या. कोणावर करणीचा आळ घेणं हाच कायद्याने गुन्हा आहे, हे मी चढ्या आवाजात सांगितलं. माझा आवाज मुळातच मोठा आहे, घरी त्यावरून बोलणी खातो, त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. माणसं चार पावलं मागे सरली, पण घरी कोणी गेलं नाही.

प्रकार असा होता. झाडूवाली बाई सकाळी शेडमध्ये शिरली, तर रखवालदार एका पांढऱ्या मोटारीचं बॉनेट ओल्या फडक्याने घाईघाईने पुसत होता. बॉनेटवर लाल डाग, फडकं लाल, त्याचे हातही लाल. चारही चाकांपाशी कुंकू लावलेलं एकेक अख्खं लिंबू. बाई ओरडत बाहेर धावली. मॅनेजरला रात्रीपासून थंडी-ताप होता, त्यामुळे सगळं आपोआप जुळलं.

"साहेब, याचा मामा भगत आहे, मंत्रतंत्र करतो," मॅनेजर अंगावर शाल ओढत म्हणाला.

"माझा मामा तबला वाजवायचा," मी म्हणालो, "म्हणून मला कोणी मैफलीला बोलावत नाही."

रखवालदार डोंगराकडच्या पाड्यावरचा, चाळिशीचा माणूस. पावसाळ्यात स्वतःची भातशेती, उरलेलं वर्ष ही नोकरी. मी त्याला समोर बसवलं, पाणी दिलं.

"मी नाय केलं, साहेब."

"मग पुसत का होतास?"

तो गप्प.

"कोणी केलं ते माहीत आहे?"

पुन्हा गप्प. "बोलला नाहीस तर नोकरी जाईल. पाड्यावर नाव खराब होईल ते वेगळंच," मी म्हणालो.

"ठाऊक हाय," एवढंच बोलून त्याने मान खाली घातली. घाबरलेला माणूस नजर फिरवतो, हा घट्ट बसून होता. खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला.

रागातच उठून मी मोटारीपाशी गेलो आणि उकिडवा बसलो. लिंबं इकडेतिकडे टाकलेली नव्हती. प्रत्येक लिंबू चाकाच्या पुढच्या बाजूला, टायरला अगदी टेकवून ठेवलं होतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दसऱ्याला आमच्या ठाण्यात शस्त्रपूजा झाली की जीपची पूजा होते, ड्रायव्हर हवालदार अशीच लिंबं ठेवतो आणि जीप पुढे घेतो. लिंबं फुटली की आम्ही पेढ्यांकडे वळतो. ही तर साधी गाडीची पूजा होती. मोटार जागची हललीच नाही, म्हणून लिंबं अख्खी राहिली आणि लोकांना करणी दिसली.

मालक तोवर धावत आले होते. ही मोटार आधी कोण चालवायचं, असं मी त्यांना विचारलं. एका शेटजींची होती, म्हणाले, ड्रायव्हर इथल्याच पाम गावचा होता, तो वारला. आदल्या दिवशी पामच्या बचत गटाची सहल येऊन गेली होती. पुढचं कोडं सोडवायला पोलिसाची गरज नव्हती.

पामला त्या ड्रायव्हरची बायको ओटीवर झेंडू ओवत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, घरात एकटी. मी विचारलं, तिने लपवलं नाही.

"मीच केलं. दसरा आला, गाडीला लिंबू नाय ठेवायचं? शेटाणी गॅलरीतून बघायची, पूजा दर साली मीच करायची. गाडीनं माझ्या माणसाला जन्मात कधी दगा नाय दिला. पूजा झाली की तो गाडी काढायचा." तिने सुईत आणखी एक फूल ओवलं. "आता काढणार कोण?"

मला भरून आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

"त्या रखवालदाराला बोलू नका हां," ती म्हणाली. "शेड बंद करायची वेळ झालेली, मी हात जोडले म्हणून त्यानं दोरी उचलली."

तिला जीपमधून संग्रहालयात आणलं. तिने सगळ्यांसमोर हेच सांगितलं. लोक हसले, झाडूवाली बाई तिच्या पाया पडली, मालकांनी रखवालदाराची माफी मागितली. मॅनेजरचा ताप पुढे मलेरिया निघाला.

निघताना मी रखवालदाराला बाजूला घेतलं. "दोरी उचललीस म्हणून नोकरी जाईल, याला घाबरलास होय?"

"नोकरी दुसरी मिळंल, साहेब. तिचं नाव घेतलं असतं तर ही माणसं काठ्या घेऊन पामला गेली असती. म्हातारी एकटी राहते. चेटकीण म्हणून ठपका बसला तर ती कुठं जाणार?"

"पण तिने सांगितल्यावर सगळे हसलेच की."

"तुमी बाजूला उभे होता, म्हणून हसले."

गप्प बसणारा काहीतरी लपवतो, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शिकवतात आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. त्या दिवसापासून मी चौकशीत एक प्रश्न वाढवला. कोणी तोंड उघडेना, की विचारायचो, तू कोणाला वाचवतोयस? दमदाटीने न बोललेली किती तरी माणसं त्या प्रश्नाला रडली आहेत.