रिठ्याचं पाणी जास्त झालंय

काच पुसायचं द्रावण विकत आणणं आमच्या घरात अपमानाचं समजलं जाई. आई एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. निवृत्त झाल्यावर ती प्रयोगशाळा आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधल्या ओट्यावर आली. एक वाटी पांढरं व्हिनेगर, तीन वाट्या गाळलेलं पाणी आणि रिठे भिजवून काढलेल्या पाण्याचे दोन चमचे. पुसायला जुनं वर्तमानपत्र, फडकं नाही, कारण फडक्याचे धागे काचेला चिकटतात. आतली बाजू आडवी पुसायची आणि बाहेरची उभी. म्हणजे एखादी रेघ राहिलीच, तर ती आडवी की उभी ते बघून चूक कुठल्या बाजूला झाली ते कळतं. रिठा प्रमाणात हवा, असं तिनं मी शाळेत असतानाच बजावलं होतं. तो जास्त झाला की काचेवर साबणाचा पापुद्रा राहतो आणि त्यातून पाहिलं की दिव्याभोवती रंग दिसतात.

हे एवढं सविस्तर सांगतेय, कारण पुढचं सगळं या शेवटच्या वाक्यामुळे झालं.

दोन वर्षांपूर्वी शेजारची सोसायटी पाडायला घेतली आणि आमच्या हॉलची खिडकी कायमची बंद झाली. उघडली की तासाभरात सोफ्यावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. आईची संध्याकाळची जागा नेमकी त्या खिडकीशी. दिवेलागणीला हॉलमधला दिवा न लावता ती तिथे चहा घेऊन बसायची आणि कोपऱ्यावरचा रस्त्याचा दिवा लागलेला बघायची. त्या वयात माणसाला एवढी एक करमणूक पुरते.

एका शनिवारी मी खिडकी पुसली आणि संध्याकाळी ती म्हणाली, "रिठ्याचं पाणी जास्त झालंय. दिव्याभोवती रंग दिसतायत."

मला काही रंग दिसत नव्हते. पण काचेच्या बाबतीत आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. मी रिठा कमी केला. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, अजून आहेत. मी रिठा बंदच केला. मग व्हिनेगर वाढवलं, मग लिंबू, मग कुठेतरी वाचून कॉर्नफ्लोअर. मधूनच ती म्हणायची की आज काच धुरकट आहे, आणि मधूनच म्हणायची आज बरी आहे. चष्माही तिनं त्याच द्रावणानं पुसायला दिला. मी बिनडोकासारखी तोही पुसून दिला.

मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. घरून काम करणारी बाई म्हणजे रिकामी बाई, अशी घरातल्या सगळ्या वस्तूंची समजूत असते, आणि त्या वर्षी माझं कशाशीच धड पटत नव्हतं. एका संध्याकाळी मी तिसऱ्यांदा काच पुसून, ग्रिलमधून हात घालून खांदा आखडवून घेतला होता, आणि ती शांतपणे म्हणाली की वर डावीकडे अजून पापुद्रा आहे. मी हातातला ओला कागद जमिनीवर टाकला.

"एक काम करते," मी म्हणाले, "काच काढूनच टाकते. म्हणजे तुझी तक्रारच संपेल."

 वाकून तिनं तो कागद चाचपडत उचलला आणि कचऱ्यात टाकून आली. चाचपडत हा शब्द मला आज सुचतो. तेव्हा मी नुसती तिची पाठ बघितली आणि बरं झालं म्हटलं.

दुसऱ्या शनिवारपासून काच स्वच्छ निघायला लागली. "आज अगदी लख्ख झाली हो," ती म्हणायची. मी व्हिनेगर, लिंबू आणि कॉर्नफ्लोअरचं ते प्रमाण कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. ऑफिसातल्या दोन मैत्रिणींनाही पाठवलं आणि वर लिहिलं, खात्रीचा उपाय. आईला विचारलं, मान्य ना? ती म्हणाली, मान्य. तिच्यावर कुरघोडी केल्याचा मला फार आनंद झाला होता. असे नऊ महिने गेले.

मग दिवाळीच्या आधी खिडकीची चाकं अडकायला लागली म्हणून मी काचवाल्याला बोलावलं. तो दोन्ही पल्ले काढून दुकानात घेऊन गेला आणि उद्या बसवतो म्हणाला. आई आत झोपली होती. सुट्टीमुळे शेजारचं बांधकाम बंद होतं आणि बाहेर वारा पडलेला होता. दिवेलागणीला ती नेहमीसारखी चहा घेऊन आली, खुर्चीत बसली, आणि मी शेजारी उभी आहे असं कळल्यावर म्हणाली, "आज लख्ख निघाली हो काच."

समोर नुसतं ग्रिल होतं. मला आधी हसू आलं. मग मी विचारलं, सहज, की दिवा कसा दिसतोय.

"चांगला दिसतोय." तिनं चहाचा एक घोट घेतला. "आहेत थोडे रंग. पण चालेल. तू नको त्रास घेऊ."

मी त्या रिकाम्या चौकटीतून हात बाहेर काढला. तो तिला दिसला नाही.

तपासणीनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू. डोळ्यातला दाब मधून मधून वाढायचा, तेव्हा धुरकट दिसायचं आणि दिव्याभोवती रंग यायचे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची. त्यांनी विचारलं, हे रंग कधीपासून दिसतायत? मी तोंड उघडलं, पण आईनं मला बोलूच दिलं नाही.

"आत्ताच, दिवाळीच्या सुमारास," ती म्हणाली. "आधी काही नव्हतं. ही तर माझी फार काळजी घेते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कोरड्या आवाजात सांगितलं की आतली नस बघता हे निदान वर्षभर तरी चाललेलं असावं. मी मान हलवली. रिक्षात बसल्यावर माझं रडणं आवरेना. आई माझा हात थोपटत राहिली आणि रिक्षावाल्याला रस्ता सांगत राहिली, तोही चुकीचा.

मला एकच गोष्ट छळते. खिडकी सरकवायला दोन सेकंद लागतात. ती तक्रार करत होती त्या दिवसांत एका संध्याकाळी मी खिडकी सरकवली असती आणि विचारलं असतं, आता रंग गेले का, तर पुरे होतं. धूळ आली असती, पुसली असती. मी मात्र वाट्या मोजत बसले आणि तिनं आजारासारखा आजार माझ्या रागाला भिऊन गिळून टाकला.

याला आता वर्ष होत आलं. फ्रिजवरचा कागद मी फाडून टाकला आणि पुन्हा तिचंच जुनं प्रमाण वापरते. शनिवारी ती जवळ बसून कागदाचा आवाज ऐकते. काच स्वच्छ झाली की कागद करकरतो, त्यावरून तिला कळतं. थेंब मी वेळच्या वेळी घालते. कसं दिसतंय असं रोज विचारते, आणि ती रोज सांगते, छान.

परवा संध्याकाळी मी काच पुसून झाल्यावर तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, आई, मला छान नकोय. मला खरं सांगत जा.

ती बराच वेळ साडीचा पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, "तू रागावणार नाहीस ना?"

मी नाही म्हणाले.

"दिवा हल्ली दिसतच नाही गं. तो लागतो की नाही तेही कळत नाही. तू खिडकी इतकी मनापासून पुसतेस, म्हणून म्हटलं नाही."

खाली कोपऱ्यावर दिवा केव्हाच लागलेला होता.