शोकेसमधलं मशीन आणि मैदानातले पालक

"मशीन मागच्या खोलीत? मग पालकांनी बघायचं काय, वायर?" शिंदे सर खेकसले. लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे क्लासेस चालवणारा हा माणूस. मी त्यांना एआय सर्व्हर देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर. माझी पहिलीच स्वतंत्र साइट. पालकसभेत डेमो झाला नाही तर मशीन परत, आणि बहुतेक माझी नोकरीही.

खऱ्या परीक्षेत नुसते गोल रंगवायचे असले तरी सरांच्या सराव पेपरांत मुलं उत्तरं लिहून काढत; मशीन ती हस्ताक्षरातली उत्तरं वाचून तपासणार होतं. त्यासाठी आत खास चिप्स असतात. साधा प्रोसेसर म्हणजे एकामागून एक गणितं सोडवणारा एकटा हुशार विद्यार्थी. ही चिप म्हणजे अख्खा वर्ग, सोपी गणितं सगळे मिळून एकदम सोडवणारा. पण एवढी डोकी एकदम चालली की तापतातही तेवढीच. म्हणून पंखे. लोड नसला की ते शांत असतात, लोड आला की सुटतात.

सरांनी स्टेजशेजारचं ट्रॉफ्यांचं काचेचं शोकेस रिकामं केलं आणि मशीन त्यात ठेवायला लावलं. मी मागची फळी काढून हवेची सोय केली.

सभेला हॉल भरला. पुढं पालक, मागं मुलं. औसा, निलंगा, किल्लारीकडची माणसं.

"सर, आधी थोडेच पेपर टाकू," मी म्हटलं.

"थोड्याला कोण टाळ्या वाजवतंय हो? समदे टाका!"

टाकले. पंखे सुटले. आधी बारीक घरघर, मग जमिनीतून आल्यासारखा गडगडाट. शोकेसच्या काचा थडथडायला लागल्या.

"भाईर पळा!" कुणीतरी ओरडलं.

त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप बघितलेला माणूस तसला आवाज ऐकल्यावर विचार करत बसत नाही. मैदानात पोचल्यावर कळलं, माझ्यापुढं फक्त शिंदे सर होते. मी निलंग्याचा, भूकंपाच्या वेळी लहान पोर होतो. पुण्यात हाच आवाज कितीदा तरी ऐकलेला, मशीन मीच बसवलेलं, तरी पाय ऐकले नाहीत. लाज वाटत होती.

मुलं मात्र आतच. सगळी भूकंपानंतर जन्मलेली. थोड्या वेळानं एक मुलगी दारात आली.

"सर, पेपर तपासून झाले. मार्क पण लागलेत. तुम्ही समदे उन्हात काय करायलात?"

मैदानात हशा पिकला. किल्लारीचे एक काका धाप टाकत मला म्हणाले, "मशीन लई हुशार हाय हो. पण त्याला म्हणावं, जरा हळू विचार कर."

सर जवळ आले. "मशीन घेतो. पण पंखे बंद करा."

"चिप जळेल, सर."

"मग न्या मागं."

मशीन मागच्या खोलीत गेलं. शोकेसमध्ये आम्ही रिकामी कॅबिनेट ठेवली, लुकलुकणारे दिवे लावून. पालक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

रात्री पुण्याहून बॉसचा फोन. "डेमोत काय फेल झालं?"

"मशीन सोडून सगळे, सर."

तेव्हापासून नव्या साइटवर मी वीज बघतो, एसी बघतो, जागा बघतो. आपल्या भागात असलो तर पंख्यांची पहिली चाचणी सगळ्यांना आधी सांगून, चहा पाजून घेतो. स्वतः मात्र दाराजवळच उभा राहतो.