नावेतली ओल

घरी पाहुणा आला की संपतराव आधी त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून चोळत आणि म्हणत, "घामट हाय. सावलीत बसा." अकोल्याच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी उभा जन्म कापूस पारखण्यात घालवला होता. वजन भरावं म्हणून कुणी कापसावर पाणी मारून आणलं, तर ते गाडी फाटकातच अडवत. "वाळवून आन बाप्पा. माहं नाक अजून शाबूत हाय."

असा हा माणूस अमरावतीत आमच्या शेजारी येऊन राहिला आणि म्हातारपणी एका नावेपायी हैराण झाला.

नाव शिडाची होती. बदली होऊन जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने ती दोन चाकांच्या गाड्यासकट विकायला काढली आणि संपतरावांनी घेतली. सगळी गल्ली हसली, मीही हसलो. पण सुभद्रावहिनी, त्यांची बायको, वर्धा नदीच्या काठची. लहानपणी डोंग्यातून मामाच्या गावी जाणारी. "तुले एकदा वडाळीच्या तलावात फिरवतो," असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

नाव अंगणात गाड्यावरच उभी राहिली. तिच्यात दोन बाजूंना बसायच्या दोन फळ्या. वहिनी संध्याकाळी एका फळीवर गोधडी टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि नवऱ्याला चिडवायच्या, "हाना आता नाव! कावून थांबले?" त्याच हिवाळ्यात तापाने त्या गेल्या.

संपतरावांनी कापसाचा ढीग झाकावा तशी ती नाव ताडपत्रीने घट्ट आवळून टाकली. पुढे कितीतरी दिवसांनी, दिलेला शब्द पाळायचाच, असं त्यांच्या मनाने घेतलं. ताडपत्री सोडली तर आतून कुबट वास! मग ओल शोधणं सुरू झालं. पावसाची म्हणावी, तर ताडपत्रीला भोक नाही. जमिनीची म्हणावी, तर नाव गाड्यावर. त्यांनी जागोजागी कापसाचे बोळे ठेवले. सकाळी एकेक बोळा चिमटीत दाबून बघत आणि मला, शेजारच्या शाळामास्तरला, विचारत, "समोर कोरडं, मांग कोरडं. मंग वास कोठून येऊन राहिला, गुरुजी?"

मला दिसत होतं. वहिनींच्या फळीवरची गोधडी ते हलवत नव्हते. बोळे तिच्या भोवतीने ठेवत. शेवटी मला राहवलं नाही. "आणि हिच्याखाली?"

त्यांनी हातातला बोळा गाड्याच्या चाकावर ठेवला. "कापूस ओल धरते, हे मले शिकवता का? मले पयल्याच दिवशी कयलं, गुरुजी. हिवाळ्यातलं दव तिच्यातच कोंडलं. पन थे उचलाची कशी?"

मग त्यांनीच दोन्ही हातांनी ती गोधडी उचलली. खालची फळी काळी पडली होती, बोट रुतत होतं. गोधडी त्यांनी उन्हात वाळवली, सुताराकडून नवी फळी बसवून घेतली. ताडपत्री पुन्हा कधी घातली नाही.

बैल जुंपून गाडा वडाळीला नेला. नाव पाण्यात उतरली. संपतरावांनी वाळलेली गोधडी घडी करून नव्या फळीवर ठेवली आणि स्वतः समोरच्या फळीवर जाऊन बसले. नाव त्यांच्या बाजूला झुकली.

"संपतराव, कलतेय नाव," मी काठावरून ओरडलो. "मी येऊन बसू का समोर?"

त्यांनी गोधडीकडे पाहिलं.

"नाई गुरुजी. कलू द्या."

आणि तसेच कललेले ते तलावाच्या मध्याकडे निघाले.