भात्यावरची बाई

लोहाराच्या दुकानात नाव होतं ते घणाचं. भात्याला कोण विचारतो? पण घण चालतो तो भात्याच्या जिवावर, हे तिला लग्न होऊन आल्यावर लवकरच कळलं. नवरा ऐरणीपाशी उभा, ती भात्याच्या दांडीशी बसलेली. त्यानं तोंडानं काही सांगायची गरज नसे. निखारा काळवंडू लागला की ती ओढायची, लालबुंद झाला की हात सैल सोडायची. बाजारातले लोक तिला वारामावशी म्हणत.

"मी नुसता ठोकतो," लोहार गिऱ्हाइकांना सांगायचा, "दुकान हिच्या वाऱ्यावर चाललंय."

"आणि घर?" ती विचारायची. "ते तुम्ही वाऱ्यावर सोडलंय, म्हणून मला सांभाळावं लागतं."

गिऱ्हाईक हसायचं, लोहारही हसायचा. तिला विद्या एकच येत होती, पण ती पुरी येत होती. विस्तव मंदावला की वारा द्यायचा. आयुष्यात तिचा हात कधी चुकला नव्हता.

कोळशाच्या धुरानं लोहाराची छाती सावकाश खाल्ली. आधी खोकला आला, मग दोन घाव घातले की दम लागू लागला, मग बसल्या जागी लागू लागला. मुलानं भट्टी विझवली, भाता मोडीत घातला आणि त्याच जागेत खिडक्यांच्या ग्रिलचं दुकान टाकलं. घर दुकानाच्या मागेच. तिथं पलंगाशेजारी चाकं असलेलं एक यंत्र आलं. ते दिवसरात्र घरघरायचं आणि लोहाराच्या नाकाला ऑक्सिजन पुरवायचं. यंत्राच्या पुढ्यात एक उभी काचेची नळी होती, आणि तिच्यात एक मणी तरंगत असे. खालचं बटण फिरवलं की मणी वर चढायचा.

"मणी पहिल्या रेघेवर राहू दे," दवाखान्यातून सांगून धाडलं होतं. "वर न्यायचा नाही." का न्यायचा नाही, ते सांगितलं की नाही कोण जाणे. ती तेव्हा औषधांची पिशवी आवरत होती.

"आई, याला हात लावायचा नाही हं," मुलगा म्हणाला होता.

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

एका सकाळी लोहाराला फार धाप लागली. उशीवर कोपरं टेकून तो ओणवा बसला होता. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते.

"अगं, पुरत नाही."

"पोराला हाक मारू?"

"त्याला काय कळतंय? त्यानं कधी भाता ओढलाय?" बोलता बोलता त्याला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. "तू ओढ."

तिनं मण्याकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या ओठांकडे पाहिलं. तो रंग तिच्या ओळखीचा होता. काळवंडलेल्या निखाऱ्यासमोर हात बांधून बसणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं बटण फिरवलं. मणी पार वरच्या रेघेला जाऊन थरथरत राहिला.

आणि गुण आला. डोळ्यांदेखत आला. ओठ लाल झाले, गालांवर तुकतुकी चढली. कित्येक दिवस गार पडलेले हात ऊबदार झाले. "डोकं जरा जड झालंय," तो म्हणाला आणि आडवा झाला. किती तरी महिन्यांत तो आडवा झाला नव्हता, बसूनच डुलक्या काढायचा. आता शांत झोपला. धापही उतरली, श्वास मंद मंद होत गेला. तिनं पांघरूण ओढलं आणि उशाशी बसून राहिली. मोठं काम फत्ते झाल्यावर माणूस बसतं तशी.

दुपारी मुलगा जेवायला आला. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलेत. उठवू नकोस."

"खरंच? बरं झालं," तो कुजबुजला. स्वयंपाकघरातच जेवला आणि आवाज न करता परत गेला.

ऊन कलल्यावर ती चहा घेऊन आली. "अहो" म्हणाली. परत म्हणाली. खांद्याला धरून हलवलं. डोळे अर्धे उघडले, पण त्यांत ओळख नव्हती. हाताची बोटं मधूनच झटका खात होती. मग ती दुकानाकडे धावली.

दवाखान्यात त्याच्या मनगटातून रक्त काढलं. तोंडावर घट्ट मुखवटा बांधून एक यंत्र छातीत हवा ढकलू लागलं. तरणी डॉक्टरीण रक्ताचा निकाल पाहून बाहेर आली.

"रक्तात आम्ल फार वाढलंय. घरी ऑक्सिजन कुणी वाढवला होता?"

"छे हो," मुलगा म्हणाला. "आमच्याकडे त्याला कुणी हात लावत नाही."

"मी वाढवला," ती म्हणाली.

डॉक्टरीण रागावली नाही. शेजारी बाकावर टेकली. म्हणाली, "श्वासाबरोबर एक विषारी वायू बाहेर पडायला हवा, मावशी. त्यांची छाती तो नीट टाकू शकत नव्हती. अशा छातीला ऑक्सिजन जास्त झाला, तर तो वायू आणखीच साठतो. मग रक्त आंबट होतं आणि माणूस गुंगीत जातं."

"म्हणजे धुराडं तुंबलेलं होतं," ती सावकाश म्हणाली, "आणि मी ओढत राहिले."

"तसंच."

"हात गरम झाले होते. गाल लाल झाले होते."

"ते त्या वायूमुळेच होतं."

"मग ती झोप?"

"झोप नव्हती ती, मावशी."

यंत्राचा आवाज दारातून येत राहिला. डॉक्टरीण म्हणाली, "आम्ही अशाच रुग्णांवर संशोधन करतोय. ऑक्सिजनचं हे दुखणं जुनंच, ठाऊक असलेलं. शोधतोय ते एवढंच, की बजावून सांगूनही घराघरांत असं का होतं."

"शोधताय कशाला?" ती म्हणाली. "त्यांनी मागितलं. लिहा तसं."

मुखवट्यानं रक्तातलं आम्ल काही उतरलं नाही. उजाडता उजाडता लोहार गेला.

मग माणसं भेटायला येऊ लागली. पलंगाच्या जागी अंथरलेल्या चटईवर बसून जो तो म्हणायचा, "पुण्यवान माणूस. झोपेत गेले, काही त्रास नाही." ती भिंतीकडे बघत राहायची. मुलगा खाली बघायचा.

सगळे उठून गेल्यावर एकदा तो म्हणाला, "आई, बटणाचं कुणाला सांगू नकोस."

"का रे?"

"लोक बोलतील."

"बोलू देत," ती म्हणाली. "पण दवाखान्यातून आल्यापासून तू माझ्याशी धड का बोलत नाहीस?"

मुलगा उंबऱ्यात थांबला. मग त्यानं चपला सरकवल्या आणि तो दुकानात गेला.