सांभरच्या वाटेवर गार हीटर

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला सांभरच्या खाऱ्या सरोवरावर जायचंच, हे बाबांनी चिपळूणहून निघतानाच ठरवलं होतं. मला धास्ती वाटत होती. महिन्यापूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला होता आणि गार वारा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडीला हीटर आहे, काचा बंद ठेवू, असं मी आईला फोनवर कबूल केलं.

जयपूरहून सांभर साधारण दोन तास. रविवारी साडेसहाला आम्ही बनी पार्कातल्या माझ्या घरून निघून अजमेर रस्त्याला लागलो. धुकं इतकं, की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. ही गाडी बाबांनी अकरा वर्षं चिपळुणात चालवली आणि गेल्या दिवाळीत मला दिली. तिकडे हीटर लावायची वेळ कुणावर येते? इंजिन तापेपर्यंत हवा गार येणार, हे मला ठाऊक होतं. पण पंधरा मिनिटांनी तापमानाचा काटा मध्यावर आला, पंखा जोरात फिरत होता आणि हवा फ्रिज उघडल्यासारखी. बाबा खोकले. मागे फिरू या, असं मी दोनदा म्हटलं.

"पक्षी काय बनी पार्कात येणार आहेत?" म्हणत त्यांनी मफलर नाकावर ओढला.

वाटेतल्या बगरूला मी गाडी थांबवली. बाबांना चहाच्या टपरीत भट्टीजवळ बसवलं. शेजारचं गॅरेज आठला उघडलं. मिस्त्री रामजीलाल यांनी बॉनेट उघडून हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना हात लावला. एक चटका देणारी, दुसरी गार. गरम पाणी हीटरच्या जाळीत शिरतच नाही, जाळी तुंबलीय, असं त्यांनी समजावलं. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. झाकण काढल्यावर आत गंजाचं तांबडं पाणी.

"इसमें कूलैंट कभी पड़ा ही नहीं। सादा पानी कौन भरता है, बहनजी?"

मीच भरत होते, दर रविवारी, न चुकता, बाबांनी शिकवलं तसं. तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही; अक्षरं, पाढे घरीच बाबांकडे शिकले आणि मोठेपणी गाडीही. त्यांचं सांगणं तपासून पाहावं, असं कधी मनात आलं नव्हतं. आता त्यांचं नाव घेऊन खरं बोलवेना आणि खोटं तर मुळीच नाही.

"मैंने भरा," मागून बाबा म्हणाले. चहाचा मातीचा कुल्हड हातात घेऊन ते केव्हा आले कळलं नाही. "इसको भी मैंनेही सिखाया। हमारे विहीर का पानी एकदम अच्छा है।"

"अच्छा होगा, बाऊजी," रामजीलाल म्हणाले. "लोहे को क्या पता।"

बाबा हसले, पण कुल्हड तसाच हातात राहिला.

जाळीत दोन्ही बाजूंनी पाण्याचा जोर सोडला, तेव्हा आधी तांबडं, मग हळूहळू नितळ पाणी आलं. गंज रोखणारं नवं कूलंट भरून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. दीड तास आणि बाराशे रुपये लागले. तोवर गरम कचोरीचा नाश्ता झाला. गाडी सुरू केल्यावर पायांवर ऊब आली आणि बाबांनी मफलर सोडला.

सांभरला साडेअकरा वाजले. पक्षी फार लांब, पाण्यापलीकडे गुलाबी रेघ ओढल्यासारखे. तुम्ही गेलात तर दुर्बीण न्याच, आणि गाडी काठच्या मिठाच्या पापुद्र्यावर घालू नका, चाकं रुततात. बाबांनी काच चार बोटं खाली केली. मी हीटर चालूच ठेवला. थंडीत उत्तरेकडे गाडीने फिरणार असाल तर हीटर आधी घरीच लावून पाहा, माझ्यासारखं महामार्गावर नको.

त्या दिवसाच्या फोटोंत पक्षी ठिपक्याएवढे आहेत. आठवतं ते परतल्यानंतरचं. संध्याकाळी घरी बाबांनी गाडीसोबत आलेलं पुस्तक मागितलं. अकरा वर्षं ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद होतं. इंग्रजी, बारीक अक्षर. "तू वाच, मराठीत सांग," म्हणाले आणि मांडी घालून समोर बसले. कूलंटचं पान मी वाचलं. सादं पाणी भरू नये, ही ओळ त्यांनी पुन्हा सांगायला लावली. मी पुस्तक मिटायला लागले, तसा त्यांनी हात आडवा घातला.

"पुढचं पान," म्हणाले.