नकाशावरून मी दोनदा काढलेला ठिपका

मागच्या मंगळवारी पनवेलच्या खाडीवर गेले होते. एका माणसाची माफी मागायला... ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं.

आधी कामाबद्दल सांगते. मी घरी बसून नकाशे तयार करते. ऑफिस पुण्यात, मी कामोठ्यात, आणि सगळं बोलणं स्क्रीनवर. इथे येऊन दोन वर्षं झाली, पण मजल्यावरच्या एकाही शेजाऱ्याच्या घरात मी अजून गेलेली नाही. काही दिवस असे जातात, की माझा आवाज निघतो तो फक्त कुरिअरवाल्याला ओटीपी सांगताना.

सध्या खाडीकाठच्या एका पट्ट्याचं काम चालू आहे. तिथे बाग, चालायला रस्ता, पार्किंग असं बरंच काही करायचं घाटतंय. आराखडा पक्का व्हायच्या आत गावातल्या लोकांनी आपापल्या जागा स्वतः दाखवाव्यात, म्हणून आम्ही एक ऑनलाइन नकाशा सगळ्यांना खुला केला. लिंक व्हॉट्सॲपवर फिरली. मोबाईलवर बोट टेकवलं की ठिपका पडतो, खाली दोन शब्द लिहायचे, झालं.

ते ठिपके तपासणं माझ्याकडे. दोनदा पडलेले, चुकून पडलेले आणि 'वैयक्तिक स्वरूपाचे' काढून टाकायचे, असा नियम.

काशिनाथ नावाचे एक जण रोज सकाळी अकराच्या सुमारास ठिपके टाकायचे. हिते होड्या लावतात. हिते जाळी सुकतात. हितपर्यंत भरतीचं पाणी येतं... मोजकं आणि नेमकं. खरं सांगू? मी अकरा वाजायची वाट बघायला लागले होते. चहा घेऊन बसायचे आणि त्यांचे ठिपके एकेक करून उमटताना बघायचे. घरात कोणीतरी आल्यासारखं वाटायचं.

मग एक दिवस नुसतंच, "हिते पार्वती बसायची."

वैयक्तिक. मी तो काढला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तोच ठिपका, तेच शब्द. पुन्हा काढला. नियम तो नियम... शिवाय आराखड्यात तिथे पार्किंग होतं. जागा 'मोकळी' म्हणून नोंदलेली, उपग्रहाच्या फोटोत नुसतं एक मोठं झाड.

तिसऱ्या दिवशी शब्द वाढले. "काडू नका. येऊन बगा."

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. मी त्या माणसाच्या सोबतीने रोजचा चहा पीत होते आणि त्याचीच ओळ पुसत होते. संध्याकाळी खाली उत्तर लिहिलं, "उद्या दहा वाजता येते."

रिक्षाने पोचले तर फोटोतल्या त्या मोठ्या झाडाखाली, खाडीकाठी वाढणाऱ्या भेंडीच्या, सात-आठ बायका पाट्या घेऊन बसलेल्या. कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या. समोर गिऱ्हाइकांची गर्दी. वरून काढलेल्या फोटोत फक्त झाडाचा पसारा दिसतो हो... त्याच्या सावलीत काय चालतं ते दिसत नाही.

सत्तरीचे एक गृहस्थ पुढे आले. "तुमीच काय ठिपका काडनाऱ्या?" आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं. चुकलं माझं, असंही म्हटलं.

"पार्वती म्हंजे माजी मालकीन. चालीस वर्सं हिते मासली इकली. पावसाल्यान गेली." बायकांच्या रांगेत एक जागा रिकामी होती, त्यांनी तिकडे बोट दाखवलं.

मी विचारलं, "काका, इथे बाजार भरतो असं का नाही लिहिलंत?"

"या सगल्यांना बोललो, तुमी लिवा. त्या बोलल्या, आमचं कोन वाचतंय? मंग मला जे ठावं व्हतं ते लिवलं."

तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "बस ना बाय, उनान कशाला उबी?" आणि त्या रिकाम्या जागेवरच हात थोपटला. मी काकांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. बसले.

मग तासभर माझा फोन त्या रांगेतून फिरला. प्रत्येकीने आपल्या बोटाने आपला ठिपका टाकला, नाव सांगितलं, कधीपासून बसते ते सांगितलं. "फोनला वास लागल तुज्या," असं म्हणत हसल्या. मग एकीने विचारलं, "घरान कोन कोन हाय?" मी म्हटलं, एकटीच. कोणी हळहळलं नाही. "मंग मासली थोडीच लागंल," म्हणत तिने मूठभर कोळंबी पिशवीत घातली.

दुपारी ऑफिसला सगळे ठिपके दाखवले. शनिवारी नवा कच्चा आराखडा आला, त्यात पार्किंग रस्त्याच्या पलीकडे गेलंय आणि झाडाखाली लिहिलंय, 'मासळी विक्रीची जागा'. अंतिम निर्णय व्हायचाय, त्यामुळे जास्त बोलत नाही. पार्वतीबाईंचा ठिपकाही मी ठेवलाय. नियमात बसत नाही... असू दे.

पण त्या मंगळवारचं एक सांगायचं राहिलं. निघताना काकांनी माझा नंबर घेतला होता, अजून जागा दाखवायच्या आहेत म्हणून. मी घराचं कुलूप उघडत होते तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस काय?"

"हो काका, आत्ताच."

"बरं." फोन बंद.

आई गेल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. किती तरी वेळ तशीच दारात उभी होते, चपला न काढता.

काका फेसबुकवर नाहीत, हे त्यांच्यापर्यंत जाणार नाही. तरी इथे लिहून ठेवते... काका, तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.